ड्युटीवरचा फासा

आणि मग साहेबांनी तो फासा दोन बोटांच्या चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेला. काल गोष्ट इथवर आली, आतून कुणीतरी चहाला हाक मारली, आणि फासा तसाच अधांतरी राहिला. तर आता पुढे.

“हे काय आहे, बाई?”

“फासा, साहेब.”

“ते दिसतंय मला. ड्युटीच्या टेबलावर काय करतोय?”

“ड्युटी करतोय,” ताई म्हणाली.

उत्तर अगदी सरळ होतं, खरं होतं, आणि तिथेच सगळं बिनसलं. ताईचं आयुष्यभर हेच होत आलं. ती खरं बोलायची आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, हिने टोमणा मारला. कधी कधी तो टोमणा असायचाही, नाही असं नाही. पण त्या दिवशी नव्हता.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. पाणीपुरवठ्याचं ऑफिस. शहराभोवती टेकड्या, टेकड्यांवर नऊ टाक्या, प्रत्येक टाकीवर एक टाकीवाला. त्याचं काम म्हणाल तर सोपं: पाणी किती चढलं ते पट्टीवर बघायचं आणि टाकी भरली की ऑफिसला कळवायचं. मोटारी सगळ्या लांब नदीकाठच्या पंपघरात. त्या बंद करायचा हुकूम ऑफिसातून टेलिफोनने जायचा. टाकीवाल्याने घाईघाईत स्वतःच व्हॉल्व्ह आवळला तर चालू मोटारीच्या जोराने खालचा पाइप फुटायचा, म्हणून त्याला व्हॉल्व्हला हात लावायची सक्त मनाई. मग त्या माणसाच्या हातात उरलं काय? एक वायरलेस सेट आणि स्वतःचा गळा. मोबाइल नावाची चीज अजून जन्मायची होती.

आणि ऑफिसात, जिन्याखालच्या खोलीत, ताई. एक टेबल, एक सेट, एक नोंदवही, आणि मान फक्त उजवीकडेच वळवणारा एक पंखा. कुणी जिना उतरलं की छतातून धूळ पडायची ती बरोबर चहाच्या कपात. त्या खोलीत बसायला कुणी तयार नव्हतं म्हणून टायपिंग सोडवून ताईला तिथे बसवलं. तिने तक्रार केली नाही. ती सहा नंबरच्या टाकीखालच्या खोलीतच वाढलेली. वडील तिथे टाकीवाले होते. टाकीच्या गार भिंतीला पाठ टेकून तिने पाढे पाठ केले. वडील गेल्यावर त्या टाकीवर त्यांचे जोडीदार आले, त्यांना सगळं ऑफिस काका म्हणायचं, आणि ताईने तर त्यांच्या खांद्यावर बसून टेकडी पालथी घातलेली.

आता त्या सेटची गंमत ऐका. बोलणारे दहा, पण बोलायची वाट एकच. बटण दाबलं की तुम्ही बोलायचं, आणि दाबलेलं असेपर्यंत तुम्हाला काही ऐकू येणार नाही. समजा दोघांनी एकदम दाबलं. ताईला काय ऐकू यायचं? कर्रर्र! तव्यावर वाळू ओतल्यासारखं. ना याचा शब्द ना त्याचा. आणि बोलणारे दोघे बिचारे समाधानात, की आपण सांगितलं. आपलं बोलणं वाटेत धडकून मेलं हे त्यांना कधी कळणार? तर ताईकडून “मिळालं” असं उलट आलं नाही की.

मग काय करायचं? पुन्हा बोलायचं. पण दोघेही पुन्हा लगेच बोलले तर दोघेही पुन्हा धडकणार. पहिलं वर्ष ताईचं नुसतं कर्रर्र ऐकण्यात गेलं. तिने आधी नियम केला, की धडक झाली तर लहान नंबरने आधी बोलायचं. तर नऊ नंबरचा टाकीवाला महिनाभर कुढत बसला. त्याची टाकी भरून वाहायला लागायची तोवर त्याची पाळीच यायची नाही. एके दिवशी तो थेट खोलीत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, मी काय सावत्र आहे का?” मग तिने सांगितलं, जरा समजुतीने घ्या, दुसऱ्याला आधी बोलू द्या. तर सगळे एवढे समजूतदार झाले की तासभर सेटवर चिडीचूप. दोन आणि सहा दोघेही भरलेल्या टाकीपाशी बसून एकमेकांची वाट बघताहेत!

उपाय घरात सापडला. ताईला दोन मुली, वर्षाच्या अंतराच्या. शाळेतून आल्या की दोघी दारातूनच “आई!” म्हणून एकदम सुरू व्हायच्या. एक शब्द कळेल तर शपथ. थोरलीला आधी बोल म्हटलं की धाकटी रुसायची. धाकटीला म्हटलं की थोरली. शेवटी ताईने त्यांच्या खेळातला फासा उचलून टेबलावर आपटला. “टाका. जितके पडतील तितका वेळ गप्प बसायचं. मग बोला.” एकीला दोन पडले, एकीला पाच. दोनवाली बोलून मोकळी झाली, पाचवालीने तिचं ऐकलं आणि मग स्वतःचं सांगितलं. रुसायचं कुणावर? फाशावर? त्याला कुठे थोरली-धाकटी माहीत होती.

दुसऱ्या दिवशी ताई सुताराकडे गेली आणि शिसवीच्या तुकड्यांतून भरपूर फासे करून घेतले. मग एकेक टेकडी चढून प्रत्येक टाकीवाल्याला तीन तीन फासे दिले आणि रीत शिकवली. आधी ऐक. कुणी बोलत असेल तर गप्प बस. शांत असेल तर बोल. “मिळालं” आलं नाही तर समज, टक्कर झाली. मग एक फासा टाक आणि तितकी पाण्यं मोज. एक पाणी, दोन पाणी, अशी, सावकाश. आणि दाबण्याआधी पुन्हा ऐक. पुन्हा टक्कर झाली तर दोन फासे टाक, म्हणजे जास्त थांबणं आलं, पण पुन्हा धडकायची शक्यताही कमी. तिसऱ्यांदा झाली तर तीन.

एक पाणी म्हणजे किती वेळ, यावर तिने आठवडा घालवला. फार छोटं मोजलं तर पहिल्याने बटण दाबून त्याचा आवाज दुसऱ्याच्या सेटवर उमटायच्या आत दुसराही दाबायचा. फार मोठं मोजलं तर टाकी वाट बघत नाही. शेवटी पक्कं झालं तेव्हा ती टेकड्यांवर फिरून प्रत्येकाकडून मोजून घेत बसली. नऊ बाप्ये आणि त्यांच्यापुढे ही एवढीशी बाई, “एक पाणी... घाई नको हो!... दोन पाणी...” लोकांना वाटलं असेल, गाण्याचा क्लास आहे.

चौदा वर्षं चाललं हे. चौदा वर्षांत एक टाकी ओसंडली नाही. दोन नंबरचा टाकीवाला सतत गुणगुणायचा म्हणून त्याला गवई म्हणत, तो फासा टाकण्याआधी त्यावर फुंकर मारायचा. सात नंबरवाला फाशांना तेल लावून ठेवायचा. काका मात्र फासा टाकून डोळे मिटून मोजायचे. आणि वरच्या मजल्यावरच्या एकाही साहेबाला चौदा वर्षांत प्रश्न पडला नाही, की हे सगळं सुरळीत कसं चाललंय. जे सुरळीत चालतं त्याची चौकशी कोण करतो?

चौकशी केली ती या नव्या साहेबांनी. नाव काहीही असो, आठवड्यात त्यांचं शिस्तसाहेब झालं. पेन्सिली टोक करून एका उंचीच्या ठेवणारा माणूस. तसा वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. वेळेवर यायचे, कुणाचा चहा फुकट प्यायचे नाहीत. पण त्यांचा एक ठाम समज होता, की दोन माणसं एकच काम वेगवेगळ्या वेळात करत असतील तर त्यातला एक कामचुकार आहे.

“म्हणजे तुमच्या नऊही माणसांकडे हे आहेत?” फासा उजेडात फिरवत त्यांनी विचारलं.

“तीन तीन आहेत.”

“सत्तावीस फासे! सरकारी टाक्यांवर! आणि कोण किती वेळ थांबणार, हे या लाकडाच्या तुकड्यावर?”

“हो. म्हणून तर कुणी कुणावर धडकत नाही.”

“बाई, याला ड्युटीवर जुगार म्हणतात.”

ताईने त्याच दुपारी तीन पानी पत्र लिहिलं. टक्कर म्हणजे काय, फासा का, एक पाणी म्हणजे किती, चित्र काढून. पत्र दुसऱ्या दिवशी परत आलं. तीन पानं त्यांनी वाचलीच नव्हती. वर फक्त लाल शाईत विषय दुरुस्त केला होता. ताईने लिहिलं होतं, “विषय: एकाच वायरलेसवरील निरोपांबाबत.” त्यांनी ते खोडून लिहिलं, “विषय: जुगाराबाबत.” ताईने ते पत्र पर्समध्ये कोंबलं. उत्तर दिलं नाही तरी चालेल, पण माणसाचा विषय तरी बदलू नये!

तिसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. सगळे फासे जमा करावेत. प्रत्येक टाकीवर भिंतीवरचं नवीन घड्याळ बसवण्यात येईल. निरोप फक्त सेकंदकाटा बारावर आल्यावर द्यावा. निरोप पोचला नाही तर पुढच्या मिनिटाला, काटा पुन्हा बारावर आल्यावर, पुन्हा द्यावा. पूर्ण निरोप मिळेपर्यंत ऑफिसने मध्ये बटण दाबू नये. आणि ताईची बदली स्टोअरला, जिथे ती दिवसभर रबरी वायसर मोजत बसणार होती.

घड्याळं मात्र झकास होती. साहेबांनी स्वतः जीपमधून फिरून नऊही घड्याळं सेकंदासकट जुळवली. आणि पहिले दहा दिवस काही झालं नाही. का नाही झालं? कारण गवई! त्याचं मन कधी काट्यावर नसायचं. गाणं संपलं की तो बोलायचा, काटा बारावर असो की पंधरावर. दोन आणि सहा या दोन्ही टाक्या एकाच पाइपच्या, त्यामुळे त्या जुळ्या बहिणींसारख्या एकदम भरायच्या. काका बरोबर बारावर बोलायचे, गवई जरा मागून, आणि दोघांचेही निरोप सुखरूप पोचायचे. एका माणसाच्या ढिसाळपणावर अर्ध्या शहराचं पाणी सांभाळलं जात होतं. दहाव्या दिवशी साहेब स्वतः सेटच्या खोलीत येऊन बसले, मनगटावरचं घड्याळ बघत. गवयाला मेमो मिळाला: पंधरा सेकंद उशिरा बोलल्याबद्दल.

अकराव्या दिवशी गवई गाणं विसरून काट्याकडे डोळे लावून बसला.

दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी दोन आणि सहा, दोन्ही टाक्या भरल्या. काटा बारावर आला. दोघांनी बटण दाबलं. कर्रर्र. एक मिनिट थांबले, नियमाने. काटा बारावर. कर्रर्र. ताईच्या जागी बसलेला नवा ऑपरेटर नोंदवहीत लिहितो, “सेटमध्ये बिघाड, मेकॅनिकला कळवले.” त्याला वाटलं सेट किरकिरतोय. त्याचा तरी काय दोष? “कोण बोलतंय?” एवढं विचारायलाही त्याला बंदी. आणि विचारलं असतं तरी दोघांनी एकदमच उत्तर दिलं असतं! दोन वाजून सात मिनिटांपासून दोन वाजून एकोणपन्नास मिनिटांपर्यंत, त्रेचाळीस वेळा, दोन इमानदार माणसं एकमेकांचा शब्द मारत राहिली. जितकं चोख पाळलं तितकं चोख धडकलं.

दोन नंबरचं पाणी खडकावरून नाल्यात गेलं, कुणाला पत्ता लागला नाही. सहा नंबरचं पाणी टेकडीवरून उतरलं ते पायथ्याच्या गादीवाल्याच्या शेडमध्ये शिरलं. त्याने आयुष्यभराचा कापूस रचून ठेवला होता. कापूस आणि पाणी, सांगायला नको. तो मांड्यांपर्यंत भिजलेला, केसांना कापूस चिकटलेला, ओरडत ऑफिसात घुसला तेव्हा कुठे मोटार बंद झाली.

आणि संध्याकाळी काकांना पत्र मिळालं. “ड्युटीवर झोप घेतल्याबद्दल.” निवृत्तीला आठ महिने राहिलेले. चौकशी परवा, तोवर घरी बसा.

ताई स्टोअरमधून सुटली ती थेट त्यांच्या घरी. काका खाटेवर बसले होते, समोर ते पत्र, आणि चष्मा काढलेला.

“काका, तुम्ही झोपला होता?”

“पोरी, तूही विचारतेस?”

“मी विचारते, कारण तिथेही विचारतील. सांगा.”

“नाही. त्रेचाळीस वेळा बोललो. वहीत लिहिलंय. पण ते म्हणतात, वही नंतर भरली असेल.” त्यांनी पत्र उलटं करून ठेवलं. मग म्हणाले, “नोकरी गेली तर जाऊ दे गं. पण झोपला असं लिहिलंय. तुझा बाप आणि मी मिळून एकतीस वर्षं ती टाकी राखली, आणि शेवटी झोपला.”

ताई तिथे पाणीसुद्धा न पिता उठली. तिला कळलं होतं, की एका वहीने भागणार नाही, दुसरी पाहिजे. दुसरी वही गवयाकडे.

गवई टाकीखाली बसला होता. ताईला बघताच त्याने वही मांडीखाली सरकवली.

“काढा ती.”

“ताई, हे बघा, माझी टाकी ओसंडली हे कुणालाच माहीत नाही. पाणी नाल्यात गेलं, नाला काही तक्रार करायला येत नाही. मी वही दाखवली तर काकांच्या शेजारी मीही बसेन.”

“बसा ना. काका एकटे बसलेत.”

“माझ्या घरी पाच माणसं आहेत, ताई.”

“काकांच्या घरी काय मांजरं आहेत?”

गवई वहीवर आणखी घट्ट बसला. त्याला रागवावं की त्याची कीव करावी, हे ताईला कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. “अहो, तुम्हाला उशिराचा मेमो आला म्हणून तुम्ही नियम पाळलात ना? मग तुम्ही घाबरता कशाला? तुम्ही दोघांनीही काही चुकीचं केलं नाही, हेच तर सांगायचंय. एकाची वही खोटी वाटेल. पण दोन टेकड्यांवरच्या दोन वह्या मिनिटासकट जुळल्या, तर कोण खोटं म्हणेल? तुम्ही काय टेकडीवरून टेकडीवर ओरडून वह्या जुळवल्यात?”

“तेवढा माझा गळा पोचेल खरा,” गवई पुटपुटला, आणि त्याने मांडी उचलली.

इथे जरा आडवाटेला जायलाच हवं. ही पुढे वीस वर्षांनंतरची गोष्ट. ताईच्या बहिणीची मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. एकदा ती सांगत होती, की पूर्वी एका ऑफिसातले चाळीस कॉम्प्युटर एकाच वायरवर बोलायचे, मावशी, एकच वायर. ताईने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“मग धडकत नाहीत?”

“धडकतात ना! म्हणून बोलायच्या आधी वायर शांत आहे का ते ऐकतात. आणि बोलता बोलताही ऐकत असतात. टक्कर झाली की तिथल्या तिथे थांबतात.”

“तेवढं बरंय. आमचा गवई आख्खा निरोप म्हणून मोकळा व्हायचा. मग?”

“मग प्रत्येक जण मनाला येईल तो आकडा काढतो आणि तितका वेळ थांबतो. पुन्हा टक्कर झाली तर दुप्पट आकड्यांतून निवडतो, मग चौपट. सोळा वेळा जमलं नाही तर सोडून देतो.”

“आकडा कुठून काढतात?”

“आपला आपण. त्याला काही नियम नाही, तोच तर नियम.”

“म्हणजे फासा.”

“हो मावशी, फासाच म्हण.”

ताईने वर्तमानपत्राची नीट घडी केली. मग म्हणाली, “आणि त्या कॉम्प्युटरांची बदली कुठे झाली?”

असो. चौकशीकडे वळू. मोठ्या साहेबांची केबिन, लांब टेबल, काचेचे पेपरवेट. एका बाजूला शिस्तसाहेब, त्यांच्यापुढे टोकदार पेन्सिली. दुसऱ्या बाजूला काका, इस्त्री केलेल्या कपड्यांत, पाहुणा आल्यासारखे खुर्चीच्या कडेवर. कोपऱ्यात गादीवाला. तेवढ्यात दार न वाजवता ताई आत आली, मागून गवई.

“बाई, तुमची ड्युटी स्टोअरला आहे,” शिस्तसाहेब म्हणाले.

“जेवणाची सुट्टी आहे, साहेब. माझ्या वेळात आलेय.”

मोठे साहेब वयस्कर होते आणि त्यांना कटकट नको होती. “बोला, पण थोडक्यात.”

“मी बोलत नाही. हे दोघे वाचतील.” ताईने काकांची वही काकांपुढे ठेवली, गवयाची गवयापुढे. भिंतीकडे बोट केलं. तिथेही नवीन घड्याळ होतंच. “तो काटा बारावर आला की दोघांनीही आपापली पहिली ओळ वाचायची. परिपत्रकाप्रमाणे.”

काटा बारावर आला. काका आणि गवई एकदम सुरू झाले. “सहा नंबर दोन नंबर टाकी टाकी भरली पाणी...” गवयाचा आवाज खणखणीत, काकांचा खोल. कुणाला काही कळलं नाही.

“अरे थांबा, थांबा, एकेकाने बोला!” मोठे साहेब म्हणाले.

“ते तुम्ही म्हणू शकता साहेब, कारण तुम्हाला दोघे दिसतात. यांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. आणि ऑफिसच्या माणसाला मध्ये बोलायची बंदी होती. आता मिनिटभर गप्प बसायचं.”

सगळे गप्प बसले. एक मिनिट किती मोठं असतं, हे त्या केबिनमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी मोजलं. गादीवाला खुर्चीत चुळबुळत होता. काटा पुन्हा बारावर. पुन्हा दोघे एकदम. पुन्हा गोंधळ. तिसऱ्या वेळी गादीवाल्याला राहवलं नाही.

“अहो, एकाने जरा मागून बोला की! माझा कापूस भिजतोय तिकडे!”

“कुणी मागून बोलायचं?” ताई त्याच्याकडे वळली.

“कुणीही!”

“दोघेही मागून बोलले तर?”

“मग... मग नाणं उडवा! चिठ्ठ्या टाका! काहीतरी करा!”

मोठे साहेब हसू लपवायला चष्मा पुसू लागले. शिस्तसाहेबांची पेन्सील टेबलावरून गडगडत खाली गेली आणि त्यांनी ती उचलली नाही. मग मोठ्या साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून बोटाने ओळी ताडून पाहिल्या. दोन सात, दोन सात. दोन आठ, दोन आठ. तिसरी, नव्या ऑपरेटरची वही मागवली. तिच्यात त्याच वेळेला, “सेटमध्ये बिघाड.”

शिस्तसाहेबांचा चेहरा उतरला होता. ते हळू आवाजात म्हणाले, “हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर...”

ताईने पर्समधून तीन पानी पत्र काढून त्यांच्यापुढे सरकवलं, लाल शाई वर करून. त्यांनी पहिलं पान उलटलं.

मोठ्या साहेबांनी घसा साफ केला. हा मामला लवकर आवरावा असं त्यांना वाटत होतं, आणि ते चांगल्या मनानेच म्हणाले, “ठीक आहे. सगळ्यांचाच मान राहील असं करू. झोपेचा आरोप काढून टाकतो. लिहितो, की तांत्रिक बिघाडामुळे निरोप पोचला नाही, आणि टाकीवाल्यांना पुढे काळजी घेण्याची समज दिली. बाईंना पुन्हा सेटवर घ्या, त्यांची ती पद्धत हवी तर चालू करा. झालं? काय बाई, आता तरी खूश?”

काका उठायलाच लागले होते. त्यांना तेवढंही पुरे होतं, हात जोडून ते निघालेही असते. ताईने त्यांच्या बाहीला धरून त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं आणि मोठ्या साहेबांना उत्तर दिलं. ते उत्तर गवयाने त्याच दिवशी आपल्या वहीत उतरवून ठेवलं, म्हणून इथे जसंच्या तसं सांगता येतंय:

“समज कुणाला देताय, साहेब? त्रेचाळीस वेळा हाक मारणाऱ्याला? अजून कसली काळजी घ्यायची होती यांनी? आणि बिघाड कुठल्या यंत्रात झाला, ते दाखवा मला. सेट चांगला होता, घड्याळ चांगलं होतं, माणसं तर त्याहून चांगली होती. वाईट होतं ते एक पान कागद, आणि ते याच मजल्यावरून निघालं. मला सेटवर नाही बसवलंत तरी चालेल, मी वायसर मोजीन. पण तुम्ही आत्ता, माझ्यासमोर लिहा, की काका जागे होते, गवई जागा होता, दोघे बोलत होते, आणि आमच्या हुकमाने आम्हीच त्यांचं बोलणं बंद पाडलं. लिहा, सही करा, आणि एक प्रत या गादीवाल्यालाही द्या, म्हणजे तो रस्त्यात काकांकडे बघून तोंड फिरवणार नाही. तोवर मी इथून उठत नाही. जेवणाची सुट्टी संपली तर संपू दे, पगार कापा!”